जिभेला पुन्हा पुन्हा फोड येतोय? आधी तारीख, मग जागा, मग दाताची धार

“डॉक्टर, जीभ आलीय. लावायला काहीतरी द्या.” लालबागच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. त्यातले बरेचजण चार महिन्यांपूर्वीही त्याच तक्रारीसाठी येऊन गेलेले असतात. मधल्या काळात केमिस्टकडून जेल आणून झालेलं असतं, बी कॉम्प्लेक्सची स्ट्रिप संपलेली असते, जाईचा पाला चावून झालेला असतो. फोड दहा दिवसांत जातो आणि महिन्याभराने परत हजर होतो. दात बघायला लागून मला २३ वर्षं झाली. या फोडाचं कारण बहुतेक वेळा तोंडातच सापडतं, फक्त तिथे नीट बघितलेलं नसतं. मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. सुरुवातीच्या गोष्टी घरच्या आरशासमोर, एक पैसा न घालवता होतात.

लक्षणं

आपण ‘फोड’ म्हणतो, पण बहुतेक वेळा तो फोड नसतो. वरची नाजूक त्वचा निघून उघडी पडलेली जागा असते ती, म्हणजे व्रण. म्हणूनच मिरची, लिंबू, गरम चहा लागला की डोळ्यांत पाणी येतं.

सगळ्यात जास्त दिसतो तो नेहमीचा, ‘तोंड आलंय’ म्हणतो तो प्रकार. डॉक्टर त्याला ॲप्थस अल्सर म्हणतात. गोल किंवा लंबगोल, मध्ये पिवळट पांढरा, भोवती लालबुंद कडा, आकाराने मसुराच्या डाळीएवढा किंवा त्याहून लहान. येण्याआधी एक-दोन दिवस त्या जागी चुरचुरतं. ७ ते १४ दिवसांत डाग न ठेवता बरा होतो. पुढच्या वेळी येतो तो जागा बदलून: आज जिभेच्या कडेला, पुढच्या महिन्यात ओठाच्या आतल्या बाजूला. क्वचित तो १ सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि खोल असतो, आठवडेच्या आठवडे टिकतो आणि जाताना वण ठेवून जातो.

दुसरा प्रकार घासून झालेला. याची खूण म्हणजे जागा बदलत नाही. जिभेच्या एकाच बाजूला, बरोबर एखाद्या दाढेसमोर. आकार वेडावाकडा, कडा जरा पांढरट आणि जाडसर, कारण तिथली त्वचा रोज घासली जाऊन निबर झालेली असते.

तिसरा भाजल्याचा किंवा चावल्याचा. कढईतून काढलेला वडा घाईत तोंडात टाकला, नाहीतर गाडी पकडायच्या नादात कटिंग एका घोटात संपवला. हा माणसाला स्वतःलाच आठवतो. आठवत नसेल आणि सकाळी उठल्यावर जिभेची कड चावलेली, अंग ठेचल्यासारखं, कधी अंथरूण ओलं असं दिसलं, तर रात्री झोपेत फिट येऊन गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी माझ्याकडे येण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा.

आणि काही गोष्टी व्रण नसतातच. जिभेवर लाल, गुळगुळीत बेटं दिसतात, त्यांना पांढरी नागमोडी किनार असते, आणि दोन दिवसांनी बघावं तर नकाशा बदललेला. याला जिओग्राफिक टंग म्हणतात. कधीकधी तिखट झोंबतं, बाकी निरुपद्रवी. तसंच जीभ खूप बाहेर काढली की अगदी मागे मोठ्या दाण्यांची उलट्या व्हीसारखी रांग दिसते आणि दोन्ही कडांना मागच्या बाजूला उभ्या घड्या दिसतात. ते सगळं जन्मापासून तिथेच असतं. रात्री अकरा वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये ते पहिल्यांदा दिसून घाबरलेली माणसं माझ्याकडे सकाळी येतात. दोन्ही बाजूंना सारखंच असेल तर बहुधा ते मूळचंच असतं. एकाच बाजूला वेगळं असेल तर दाखवा.

लक्षणांबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, म्हणून आधीच सांगते. खूप दुखणारा छोटा व्रण सहसा साधा असतो. न दुखणारा, आठवडेच्या आठवडे तसाच बसलेला व्रण मला जास्त काळजीत टाकतो.

पहिली तपासणी: तारीख

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असेलच. दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख जिथे लिहिता, तिथेच फोड पहिल्यांदा जाणवला त्या दिवशी छोटा गोल काढा. बाजूला ‘डा’ किंवा ‘उ’ लिहा, म्हणजे डावी बाजू की उजवी. गेला की फुली मारा.

याला एवढं महत्त्व का? कारण जिभेची त्वचा शरीरातल्या सगळ्यात लवकर भरून येणाऱ्या त्वचेपैकी आहे. कारण दूर झालं तर साधा व्रण दोन आठवड्यांत मिटायलाच हवा. दोन आठवडे उलटूनही मिटत नसेल तर दंतवैद्याला दाखवायचं आणि तीन आठवड्यांच्या पुढे तो विनातपास ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. पण तारीखच आठवत नसेल तर नियम लावायचा कशाला? “झाले असतील आठ-दहा दिवस” म्हणणाऱ्या माणसाला मी गणपतीपासून मागे मोजायला लावते, तेव्हा कितीतरी वेळा तो दीड महिना निघतो.

महिने-दोन महिने अशा नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. पाळीच्या आधी येतो का, परीक्षेच्या किंवा मार्चएन्डच्या जागरणात येतो का, की दर वेळी ‘डा’च लिहिलंय. घरातल्या मोठ्या माणसांनी “उष्णता झालीय” म्हटलं तर त्यांचं निरीक्षण खोटं नसतं. जागरण, ताण, आजारपण यांत तोंड येतं हे आम्हीही रोज बघतो. पण ‘उष्णता’ हे उत्तर मिळालं की पुढचं बघायचं राहून जातं. दर वेळी ‘डा’ असेल तर ती उष्णता नाही. उष्णता डावी-उजवी बघत नाही.

दुसरी तपासणी: जागा

दिवसाउजेडी खिडकीपाशी आरसा घेऊन उभे राहा. हात स्वच्छ धुवा. पातळ सुती रुमालाने जिभेचं टोक धरा, नुसत्या बोटांत ती निसटते. आधी एका बाजूला ओढा, मग दुसऱ्या, मग टोक टाळूला लावून खालची बाजू बघा. एक फोटो काढून ठेवा, दर चार दिवसांनी त्याच उजेडात दुसरा.

नेहमीचा ॲप्थस व्रण मऊ, हलत्या त्वचेवर येतो: जिभेच्या कडा, खालची बाजू, ओठ-गालांची आतली बाजू. जिभेची वरची खरखरीत पाठ आणि टाळूचा पुढचा कडक भाग त्याला फारसा मानवत नाही. म्हणून पाठीवर मधोमध व्रण दिसला तर मी आधी भाजलंय का, चावलंय का, काही टोचलंय का हे विचारते, आणि तसं काही नसेल तर नेहमीचं तोंड आलंय असं गृहीत धरत नाही.

मग स्वच्छ बोटाने व्रणाच्या कडेवर हलकेच दाबा. साधा व्रण दुखेल, पण बोटाखाली आजूबाजूच्या जिभेसारखाच मऊ लागेल. शर्टाचं बटण कापडाखाली दाबल्यासारखा कडक लागला तर इथेच थांबा, बाकीच्या तपासण्या सोडा आणि दाखवायला जा.

तिसरी तपासणी: दाताची धार

ही मी सगळ्यात सविस्तर लिहिते, कारण एकाच जागी येणाऱ्या व्रणांचं कारण मला इथेच सर्वात जास्त सापडलंय, आणि हीच तपासणी सगळ्यात जास्त वगळली जाते.

गेल्या वर्षी एक काका आले होते. बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या आसपास. डाव्या बाजूला पाच महिने फोड. जेलने कमी व्हायचा, जेल बंद केलं की परत. मधल्या काळात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडे व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी बरोबर मुलाला आणलं होतं आणि दोघंही गप्प होते. ते गप्प का आहेत हे मला कळत होतं. परळ आमच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि इथल्या लोकांना टाटा हॉस्पिटल हे नाव उच्चारायलाही नको वाटतं.

मी गॉझमध्ये जीभ धरून उजवीकडे ओढली. व्रण होता भिजलेल्या तुरीच्या डाळीएवढा, कडा पांढरट, बोटाला जाडसर पण बटणासारखा कडक नाही. जीभ सोडली आणि तोंड सैल मिटायला सांगितलं, मग पुन्हा उघडायला. व्रण बरोबर जिथे टेकत होता तिथे खालची दुसरी दाढ होती. वरून बघताना दाढ धड दिसत होती. चांदीची जुनी फिलिंग होती, तीही जागेवर. मी चिमट्यात कापसाचा एक बोळा धरला आणि दाढेच्या जिभेकडच्या बाजूने मागून पुढे फिरवला. एका जागी कापूस अडकला. चिमटा पुढे आला आणि कापसाचे तीन-चार धागे दाढेच्या कोपऱ्यावर लोंबत राहिले. काकांना आरशात ते धागे दाखवले. फिलिंगच्या आतल्या बाजूच्या भिंतीचा टवका उडाला होता आणि नखाच्या टोकाएवढा सुळका राहिला होता. बोलताना, गिळताना, झोपेतही जीभ त्याच्यावर घासत होती.

बारीक बरने, म्हणजे मशीनच्या घासायच्या टोकाने, तो सुळका गोल केला, रबराने गुळगुळीत केला. भूल लागली नाही, पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांना तारीख लिहून दिली आणि सांगितलं, बरोबर चौदाव्या दिवशी या, बरा झाला तरी या. ते नवव्या दिवशीच आले. जागा गुलाबी आणि सपाट होती.

हा कापसाचा प्रयोग घरी करता येतो. कापसाचा बोळा दातांच्या आतल्या बाजूने हळू फिरवा आणि कुठे अडकतो ते बघा. जिभेचं टोकही चांगलं साधन आहे, ते दातांवरून सावकाश फिरवलं की खरखर लगेच कळते. शोधायचं काय? टवका उडालेला दात. निसटलेलं किंवा अर्धवट राहिलेलं सिमेंट. जुन्या कॅपची सुटलेली कड. आतल्या बाजूला कललेली अक्कलदाढ. दातांना तार लावलेल्या मुलांमध्ये मागच्या टोकाला बाहेर आलेली तार. काढता येणाऱ्या दातांची क्लिप, नाहीतर सैल झालेली कवळी. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटलेले असतील आणि सकाळी जबडा अवघडलेला वाटत असेल, तर रात्री दात खाण्याची सवय आहे का ते घरच्यांना विचारा.

धार सापडली तरी घरी काही करू नका. नेलफाइलने दात घासून आलेले लोक मी पाहिलेत. अशाने दाताचं आवरण जातं आणि सुळका आणखी अणकुचीदार होतो. कवळी टोचत असेल तर दाखवेपर्यंत काढून ठेवा. तार टोचत असेल तर तिच्या टोकावर दातांचं मेण दाबून बसवा, केमिस्टकडे मिळतं. बाकी सगळं काम दंतवैद्याच्या खुर्चीवरचं, आणि त्यातलंही बहुतेक एका बैठकीचं आहे.

लहान बाळांतही हेच घडतं. खालचे पहिले दोन दात आले की दूध ओढताना जिभेची खालची बाजू त्यांच्यावर घासून व्रण होतो आणि बाळ दूध तोडतं. दात काढायची घाई नको. कडा गोल केल्या की बहुतेकदा भागतं. आणखी एक: दाढेचं काम करताना भूल दिलेली मुलं घरी जाऊन बधिर ओठ आणि जीभ चावत बसतात. भूल उतरेपर्यंत, दोन-तीन तास, खायला देऊ नका आणि लक्ष ठेवा.

चौथी: पेस्ट, ताट आणि टपरी

जागा बदलत येणाऱ्या व्रणांसाठी इथून पुढे. टूथपेस्टच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक बहुतेक पेस्टमध्ये असतो, आणि काहींच्या तोंडाला तो सोसत नाही. तो नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघा आणि कॅलेंडरवरचे गोल मोजा. सगळ्यांना फरक पडत नाही. पण पेस्ट तशीही विकत घ्यायचीच असते, त्यामुळे वेगळा खर्च नाही. दहावीतल्या एका मुलीचे दर महिन्याचे फोड या एका बदलाने तीन महिन्यांत एकावर आले. तिच्या आईने आणलेलं कॅलेंडर मी अजून विसरले नाही.

खाण्यात फरसाण, कडक टोस्ट, चकलीची टोकं जिभेला ओरखडतात आणि ज्यांना तोंड यायची प्रवृत्ती आहे त्यांना ओरखड्याच्या जागीच व्रण होतो. काहींना अननस, आंबट फळं, चॉकलेट किंवा सुक्या मेव्यानंतर येतो. तुमचं काय ते नोंदीच सांगतील, उगाच दहा गोष्टी एकदम बंद करू नका.

टपरीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. तंबाखू-चुना, मावा, गुटखा, सुपारी, मशेरी यातलं काहीही तोंडात ठेवत असाल तर तुमच्यासाठी बाकीच्या सगळ्या पायऱ्या एकीकडे ठेवा आणि पहिल्याच व्रणाला येऊन दाखवा. चुन्याने जीभ भाजते, तो साधा व्रण असू शकतो. पण त्याच जागी कॅन्सरही सुरू होतो आणि दोन्हींतला फरक तुम्हाला आरशात कळणार नाही. ‘नुसती सुपारी’ही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीलाही कॅन्सरकारकांच्या यादीत घातलं. तिखट एकदम झोंबायला लागलं असेल आणि तोंड पूर्वीएवढं उघडत नसेल, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जात नसतील, तर तो सुपारीने होणारा फायब्रोसिस, म्हणजे तोंडातली त्वचा आवळून कडक होण्याचा आजार, असू शकतो.

आणि सिगारेट नुकतीच सोडलीय त्यांच्यासाठी: सोडल्यावर काही आठवडे तोंडात व्रण वाढतात, हे खरं आहे. ते जातात. “ओढत होतो तेव्हा तोंड यायचं नाही” म्हणून परत सुरू करू नका.

पाचवी: औषधांचा डबा

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप टेबलावर मांडा. काही औषधं तोंडात व्रण करतात आणि औषध चालू असेपर्यंत कोणतंही जेल चालत नाही. छातीत दुखण्यासाठी दिली जाणारी निकोरँडिल हे त्यातलं ठळक नाव. तिचे व्रण खोल, मोठे आणि हटवादी असतात. काही वेदनाशामक गोळ्याही यात येतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, हृदयाची तर अजिबात नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना व्रणाचा फोटो दाखवा.

एका औषधाबद्दल थांबून सांगायला हवं. मेथोट्रेक्सेट. संधिवात आणि सोरायसिसमध्ये ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर व्रण हे पहिल्या लक्षणांपैकी असतं, आणि तोवर रक्तातल्या पेशीही घसरायला लागलेल्या असू शकतात. ही गोळी चालू असताना तोंड आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, ताप असेल तर थेट हॉस्पिटल. घरी आई-बाबा गोळ्या स्वतः काढून घेत असतील तर हा डबा तुम्ही एकदा बघाच.

दम्याचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरून टाकावी. नाहीतर तोंडात बुरशी येते, पांढरे थर किंवा जिभेच्या मध्ये लाल चट्टा दिसतो, आणि लोक त्यालाही तोंड आलंय समजून व्रणाचं जेल लावत बसतात.

सहावी: रक्त

वर्षातून चार-पाच वेळा तोंड येत असेल, किंवा जीभ गुळगुळीत, लालसर आणि चुरचुरणारी झाली असेल, तर रक्त तपासा: सीबीसी, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी १२, फोलेट आणि साखर. बी कॉम्प्लेक्स सुरू करण्याआधी रक्त द्या. गोळ्या चालू असताना बी १२ चा आकडा चढलेला येतो आणि खरी कमतरता झाकली जाते. नुसतं फॉलिक ॲसिड घेण्यातही धोका आहे: बी १२ कमी असताना ते रक्त सुधारल्यासारखं दाखवतं आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं.

बी १२ कोणाचं कमी असतं? पूर्ण शाकाहारी आणि दूध-दहीही कमी घेणारे. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणारे. ॲसिडिटीची गोळी रोज, वर्षानुवर्षं घेणारे. आपल्याकडे एका घरात या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात.

लोह कमी निघालं तर गोळी घ्याच, पण ते का कमी झालं हे विचारा. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईचं उत्तर सोपं असतं. साठीच्या पुरुषाचं लोह कमी असेल तर मूळव्याध, जठर, आतडी यांतून कुठे रक्त जातंय का हे शोधावं लागतं. जिभेच्या फोडावरून आतड्याचा आजार सापडलेले रुग्ण असतात. सीलिॲक आणि क्रोन्स हे दोन आजार तोंडात व्रण देतात, त्यामुळे बरोबर जुलाब आणि वजन घटणं असेल तर ते सांगायला विसरू नका.

मधल्या काळात लावायचं काय

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा चूळ. हे सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडतं. घरचं तूप लावलं तर वरून आवरण बसतं आणि जेवताना कमी झोंबतं, काही बिघडत नाही. मध चालतो, मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला कधीही नाही. जाईचा पाला, ज्येष्ठमध यांनी बरं वाटत असेल तर वापरा, फक्त कॅलेंडरवरचे दिवस त्यामुळे थांबत नाहीत हे लक्षात ठेवा.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्क्याचा माउथवॉश दिवसातून दोनदा, आठवडाभर. पेस्ट आणि हा माउथवॉश यांत अर्धा तास ठेवा, नाहीतर पेस्ट त्याचं काम कमी करते. जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग येतात. दुखणं फार असेल तर जेवणाआधी बधिर करणारं जेल. सॅलिसिलेट असलेली जेल १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत, आणि दात येणाऱ्या बाळांना बधिर करणारी जेल किंवा बोरॅक्स ग्लिसरीन अजिबात नाही.

नेहमीच्या ॲप्थस व्रणावर खरा उतारा म्हणजे स्टिरॉइडची तोंडात लावायची पेस्ट, ट्रायमसिनोलोन ०.१ टक्का. ती दंतवैद्याने व्रण बघितल्यावरच घ्या. लावायची पद्धतही महत्त्वाची आहे: रात्री दात घासून झाल्यावर, गॉझने जागा टिपून कोरडी करायची, कणभर पेस्ट दाबून बसवायची, चोळायची नाही, आणि मग पाणी न पिता झोपायचं. ओल्या जिभेवर लावली तर ती मिनिटात पोटात जाते. “पेस्टचा उपयोग झाला नाही” म्हणणाऱ्यांना मी माझ्यासमोर लावायला सांगते, तेव्हा गडबड इथेच दिसते. निदान न झालेल्या व्रणावर ही पेस्ट महिनोन् महिने लावू नका. ती दुखणं दाबते, आणि कॅलेंडर बघायची आठवणही त्याबरोबर दाबली जाते.

व्रणावर तुरटी किंवा मीठ चोळणं, लवंगाचं तेल थेट लावणं, दाढ दुखते म्हणून ॲस्पिरिनची गोळी तोंडात धरून ठेवणं, या सगळ्यांनी त्वचा भाजते. व्रणावर दुसरा व्रण होतो.

इथे थांबा आणि दाखवा

धार काढून, पेस्ट बदलून, औषध लावूनही दोन आठवड्यांत मिटण्याच्या मार्गावर नसलेला व्रण. कडा कडक किंवा उंचावलेल्या. स्पर्श करताच रक्त. त्याच बाजूचा कान दुखणं, कारण जीभ आणि कान यांच्या वेदना एकमेकांत मिसळतात. मानेत गाठ. जीभ पूर्वीसारखी बाहेर येत नाही, बोलणं जड झालंय, जिभेचा एखादा भाग बधिर लागतो. शेजारी न पुसला जाणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा. यातलं एकही असेल तर घरचे उपाय संपले. “मी तर सुपारीही खात नाही” हे कारण धरू नका. जिभेचा कॅन्सर तंबाखूला कधीही न शिवलेल्यांना आणि तिशीतल्या बायकांनाही होतो.

व्रणांबरोबर डोळे लाल होणं किंवा गुप्तांगावर व्रण, अंगावर फोड आणि सालं निघणं, किंवा महिनाभराचा खोकला आणि संध्याकाळचा ताप असेल तर फिजिशियन किंवा त्वचारोगतज्ज्ञ हवा. मुंबईत टीबी किती आहे हे वेगळं सांगायला नको, आणि तो क्वचित जिभेवरही व्रण करतो. लहान मुलाला ताप, तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर तो बहुधा हँड-फूट-माउथ असतो आणि आठवडा-दहा दिवसांत जातो. पण मूल पाणीही घेत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर वाट बघू नका.

हा नियम मी इतका धरून का बसते तेही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत भाजी विकणाऱ्या एक मावशी यायच्या, मशेरी लावायच्या. उजव्या कडेला व्रण, समोर तुटकी दाढ. मी धार काढली, जेल दिलं आणि कधी परत यायचं हे सांगितलंच नाही. महिन्याने त्या आल्या, दवाखान्यात गर्दी होती, मी जीभ ओढून न बघता पुन्हा जेल लिहून दिलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बोट लावलं आणि कड बटणासारखी लागली. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला. सुदैवाने लहान होता. ऑपरेशन झालं, त्या आहेत, दिवाळीच्या आधी दरवर्षी तपासायला येतात. पण ते सात आठवडे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून व्रण घेऊन आलेला कोणीही माझ्याकडून चौदाव्या दिवसाची तारीख हातात घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

तुकडा काढायला, म्हणजे बायोप्सीला, लोक फार घाबरतात. “सुई लावली की पसरतो” हे मी रोज ऐकते. तसं होत नाही. जागा बधिर करतात, कडेवरून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एक-दोन टाके. पंधरा-वीस मिनिटं. चार-पाच दिवस थंड, मऊ खायचं. आणि पुष्कळदा अहवाल साधाच येतो. वारंवार चावून झालेला एक खोल, हट्टी व्रण असतो, जो महिनोन् महिने राहतो आणि दिसायला थेट कॅन्सरसारखा असतो. तुकडा काढल्यानंतर तो बरेचदा आपोआप भरून येतो.

खासगीत परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय पालिकेचं आहे आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय सरकारी. दोन्हीकडे तोंडाचे आजार बघणारा वेगळा विभाग असतो. सकाळी लवकर जा. पहिल्याच फोडाला घाबरून थेट टाटाच्या रांगेत उभं राहायची गरज नसते. आधी दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, मग लागलं तर तिथे.

जाताना बरोबर काय न्यायचं: कॅलेंडरवरच्या तारखांचा फोटो, व्रणाचे फोटो, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप, जुने रक्ताचे रिपोर्ट. कवळी टोचते म्हणून एरवी काढून ठेवली असली तरी येताना ती तोंडात घालून या, घरी डबीत ठेवून येऊ नका. ती कुठे घासते हे मला तुमच्या जिभेसमोरच बघायचं असतं. आणि त्या दिवशी सकाळी व्रणावर काही लावू नका, त्याखालचं काही दिसत नाही.